गॅस बंद केला का?

त्या रविवारी मी पंखा पुसायचं ठरवलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण बायको घरात नसली की माणसाला आपण होऊन काहीतरी चांगलं करावंसं वाटतं. (ती घरात असली की तेच काम ती सांगते, आणि मग त्यातला चांगुलपणा निघून जातो.)

रेवती, म्हणजे माझी बायको, मेलबर्नला गेली होती. आमची एकुलती एक मुलगी गंधाली तिथे असते, तिच्या बाळंतपणाला. नात झाली, बारसं झालं, मी ऑफिसात पेढे वाटले, आणि आता रेवती येणार म्हणून दाराला नवं तोरणसुद्धा आणून ठेवलं. पण बाळंतपण संपलं की बाळ सुरू होतं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. शनिवारी तिचा फोन आला.

“गंधाली म्हणतेय, आणखी राहा. काय करू? राहू का?”

खरं उत्तर अगदी जिभेवर होतं. पण मी सगळी नोकरी सरकारी खात्यात काढलेला माणूस. आमच्याकडे आपलं मत आपण होऊन कधी द्यायचं नसतं. विचारणा आली की ‘हरकत नाही’ एवढा शेरा मारायचा आणि कागद पुढे ढकलायचा.

“राहा की,” मी म्हणालो. “इथे माझं काही अडत नाही.”

“नाही ना अडत?”

“छे.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली. त्यानंतर आम्ही दोघंही फोन कानाला लावून गप्प राहिलो. मला वाटलं, ती काहीतरी बोलेल. शेवटी तिकडे बाळ रडलं आणि फोन संपला.

अडत होतं हो. जेवणाचं नव्हे. भात-आमटी मला येते, आणि बिघडलीच तर शेजारी जोसेफीनबाई आहेत. आम्ही अंधेरीत मरोळ गावठाणाला लागून राहतो. जोसेफीनबाई मूळच्या त्या गावठाणातल्याच. तिथलं घर मुलाला देऊन त्या आणि त्यांचे युस्टेस आमच्या बिल्डिंगमध्ये आले, आणि युस्टेस गेल्यापासून त्या एकट्याच राहतात. रेवती गेल्यावर त्यांनी माझ्या पोटाची जबाबदारी घेतली होती. कधी फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे, कधी बाटलीत भरून ठेवलेल्या त्यांच्या घरच्या ‘बाटली मसाल्या’तलं मटण. त्यांचे डबे मात्र परत गेले नव्हते. कारण रिकामा डबा परत द्यायचा नाही, ही रेवतीची शिस्त, आणि डब्यात घालून देण्यासारखं माझ्या हातून काही होत नव्हतं. (एकदा शिरा केला. तो कढईतून डब्यात यायला तयार होईना.) त्यामुळे आमच्या ओट्यावर त्यांच्या डब्यांची उतरंड लागली होती आणि तिकडे त्यांना पोळ्या ताटाखाली झाकून ठेवाव्या लागत होत्या.

अडत होतं ते आवाजावाचून. रेवती घरात असली की कुठल्यातरी खोलीतून प्रश्न येत असतो. अहो, गॅस बंद केला का? अहो, मोगऱ्याला पाणी घातलंत का? अहो, किल्ली घेतलीत का? एवढ्या वर्षांत मी या प्रश्नांना वैतागून गेलो होतो. आता कुणी विचारत नव्हतं, तर मी गॅस बंद करून तिथेच उभा राहायचो. मेलबर्नहूनही ती रोज सकाळी व्हॉइस मेसेज पाठवून हेच विचारायची. मी उत्तरादाखल अंगठा पाठवायचो. मग तो मेसेज पुन्हा ऐकायचो. मग परत एकदा. मेसेज संपला की घर आधीपेक्षा जास्त गप्प वाटायचं.

तर, पंखा. गंधालीच्या खोलीतला पंखा पुसायला मी स्टुलावर चढलो, तोल गेला, आधाराला कपाटावरचं खोकं धरलं, आणि मी नि खोकं दोघंही पलंगावर येऊन पडलो. खोक्यात गंधालीची संगीताची यंत्रं होती. लग्नाआधी ही पोरगी हेडफोन लावून तासन्तास त्यांच्यापुढे बसायची आणि खोलीतून नुसतं ठकठक, ठकठक ऐकू यायचं. “ना मुखडा, ना अंतरा, हे कसलं गाणं?” असं मी दारातून म्हणायचो. आता ती ठकठकही नव्हती. मी यंत्रं पुसून पुन्हा खोक्यात ठेवणार होतो. (पंखा अजूनही पुसलेला नाही.) पण एकाची वायर लावून पाहिली आणि त्यावर ओळीनं दिवे लागले.

या यंत्राला स्टेप सिक्वेन्सर म्हणतात, आणि ते काय करतं ते गंधालीनं मला पूर्वी समजावलं होतं. तेव्हा मी पेपर वाचत होतो. आता मला जे कळलं ते असं: बटणांची एक रांग असते. तिच्यावरून एक दिवा डावीकडून उजवीकडे चालत जातो. ज्या बटणात तुम्ही आवाज ठेवलाय तिथे दिवा पोचला की तो आवाज वाजतो, बाकीच्या ठिकाणी दिवा मुकाट्यानं पुढे जातो. रांग संपली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे आमच्या खात्यातला आठवडाच की. मला ते यंत्र एकदम ओळखीचं वाटलं.

अशी दोन होती, एक काळं आणि एक करडं. दोन्हींत फोनमधले आवाज भरता येत होते. इस्त्रीच्या टेबलावर मी दोन्ही मांडली, शेजारी स्पीकर ठेवले, आणि त्या आठवड्यात ऑफिसातून आलो की माझा स्टुडिओ सुरू होऊ लागला. काळ्यात मी ताल बसवला. त्यासाठी जोसेफीनबाईंचे डबे फार उपयोगी पडले. मोठ्या डब्याचा आवाज भारदस्त, फुग्यांच्या डब्याचा जरा नाचरा. मधे एक कुकरची शिट्टी टाकली. आणि करड्यात मी रेवतीचे प्रश्न भरले.

आता दोघांना जोडायचं होतं, म्हणजे ती एका लयीत चालली असती. मधली केबल लावली. दोन्ही यंत्रांना एक सेटिंग असतं: लय स्वतः धरायची, की समोरच्याकडून घ्यायची. मी विचार केला. आपण होऊन सुरुवात करणं म्हणजे जबाबदारी अंगावर घेणं. त्यापेक्षा समोरच्याकडून घ्यावी. मी दोन्हींना तेच सांगितलं आणि बटण दाबलं.

काहीही झालं नाही. दिवे जागच्या जागी उभे. मी केबल काढून घातली, उलटी करून पाहिली, यंत्राला थोडं थोपटलं. मग गंधालीला व्हिडिओ कॉल लावला. तिच्या मांडीवर नात होती आणि मागे स्वयंपाकघरात रेवतीची पाठ दिसत होती.

“बाबा, तू माझे सिक्वेन्सर काढलेस?” गंधालीचा विश्वास बसेना. “काय करतोयस काय तू?”

“धूळ पुसतोय,” मी म्हणालो. “पुसताना जोडून बघितले. चालत नाहीयेत.”

तिनं मला कॅमेरा इकडे धर, तिकडे धर केलं आणि मग हसायला लागली. “अरे, दोघांनाही एक्स्टर्नलवर ठेवलंयस. दोघंही एकमेकांची वाट बघतायत, दुसरा कधी सुरू करतोय म्हणून. असे वर्षभर बसतील. दोघांपैकी एकानं सुरुवात करायला नको का?”

“मला वाटलं, समोरच्याला मान द्यावा.”

“माहितीये,” गंधाली म्हणाली. तिनं एकदा मागे वळून आईच्या पाठीकडे पाहिलं. “आमच्याकडेपण तेच चाललंय. आईशी बोलतोस?”

“नको, कामात दिसतेय,” मी म्हणालो. रेवतीची पाठ हलली नाही, पण ती ज्या हातानं भांडं विसळत होती तो थांबला, हे मला त्या एवढ्याशा पडद्यावरही दिसलं. मी घाईनं फोन ठेवला.

काळ्याला लय स्वतः धरायला लावली आणि दोन्ही चालू लागली. पण मन रमेना. करड्यात प्रत्येक फेरीला ठरलेल्या जागी “अहो, गॅस बंद केला का?” यायचं. मेट्रोत स्टेशनं सांगणाऱ्या बाईसारखं. रेवती अशी कधीच विचारत नाही. तिचा प्रश्न कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून तर तो लागतो. मग मी खटपट केली. काळ्याची एक अख्खी फेरी झाली की करड्याचा दिवा फक्त एक पाऊल सरकेल असं केलं, घड्याळातल्या मोठ्या नि छोट्या काट्यासारखं. शिवाय करड्याला आणखी एक सोय सापडली: एखाद्या बटणापाशी पोचल्यावर वाजायचं की नाही, हे यंत्रानं आपल्या लहरीवर ठरवायचं. ती सोय मी सगळ्या प्रश्नांना लावली.

आणि झकास जमलं. डब्यांचा ताल हळू आवाजात चालू राहायचा आणि तासाभरात केव्हातरी, मी बेसावध असताना, आतल्या खोलीतून रेवती विचारायची, “अहो, गॅस बंद केला का?” पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी दाढी करत होतो. तोंडाला फेस तसाच, आणि माझ्या तोंडून उत्तर गेलं, “हो गं, केला.” मग आरशात बघून मी एकटाच लाजलो. पण खरं सांगतो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला आपण घरी आहोत असं वाटलं. त्यानंतर यंत्र दिवसभर चालू राहू लागलं. मी चहा करता करता, कपडे वाळत घालता घालता उत्तरं द्यायचो. “घातलं पाणी.” “घेतली किल्ली.” कधी कधी आपणहून दोन शब्द जास्त सांगायचो. मोगऱ्याला कळ्या आल्यात, वगैरे.

आमच्या बिल्डिंगच्या भिंती पातळ आहेत, हे मी सांगायला हवं होतं.

शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात जोसेफीनबाई, हातात फुग्यांचं पातेलं. (डबे संपले होते.)

“देवदत्त, रेवती कवा आयली?” त्यांनी विचारलं. “मना सांगितला पण नाय. दोन दिवस आवाज ऐकतेय मी.”

इथे मी सरळ सांगायला हवं होतं. पण तुम्हीच सांगा, पंचावन्न वर्षांच्या माणसानं शेजारणीला कसं सांगायचं, की मी बायकोचा आवाज यंत्रात भरून त्याच्याशी गप्पा मारतोय? माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते असं: “झोपलीय.”

“आता? सकाळची?”

“प्रवासाचा शीण. तिकडची वेळ, इकडची वेळ.”

त्याच क्षणी गंधालीच्या खोलीतून आवाज आला, “अहो, गॅस बंद केला का?”

जोसेफीनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “झोपेत बोलते.”

“झोपेत पण गॅस,” त्या हळहळल्या. “बिचारी. किती काळजी करते.” मग त्यांनी आतल्या दिशेनं तोंड करून मोठ्यानं सांगितलं, “केला गं बाय, केला. तू झोप.” आणि त्या सोफ्यावर बसल्या. ती उठेपर्यंत थांबते म्हणाल्या. युस्टेसपण झोपेत बोलायचे, तेव्हा त्या वैतागून उशी मारायच्या, आणि आता रात्री कुणी बोलत नाही तर त्यांना जाग येते, असं त्या बोलता बोलता म्हणाल्या. मला त्या क्षणी त्यांना सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण तेवढ्यात आतून डब्यांचा ताल जरा वर आला आणि त्यांनी कान टवकारले.

“हा माझ्या डब्याचा आवाज,” त्या म्हणाल्या. “फुग्यांच्या.”

“घासतेय,” मी म्हणालो.

“झोपेत?”

वाट लागली, हे मला कळलं. मी काहीतरी पुटपुटत पातेलं ठेवून घेतलं आणि त्यांना दारापर्यंत पोचवलं. त्या गेल्या, पण कुठल्याही शहाण्या बाईनं जे केलं असतं तेच त्यांनी घरी जाऊन केलं. जिला दोन दिवस कुणी बघितलं नाही, जी झोपेत भांडी घासते, आणि जिचा नवरा दार अडवून उभा राहतो, अशा बाईला त्यांनी फोन लावला. रेवतीनं तो मेलबर्नमध्ये उचलला. पाच मिनिटांत माझा फोन वाजला.

“घरात कोण आहे?” रेवतीनं विचारलं.

“कुणी नाही.”

“जोसेफीन म्हणते, मी गंधालीच्या खोलीत झोपलेय.”

मी खोलीत जाऊन स्पीकरचा आवाज कमी केला.

“आणि झोपेत तिचे डबे घासतेय. रिकामेच ठेवलेत ना अजून? तुम्ही नक्की बरे आहात ना?”

मग मी सांगितलं. पंख्यापासून सगळं सांगितलं. काळं, करडं, दाढीचा फेस. बोलताना माझी नजर त्या टेबलावर होती, दिवा आपला एकेक पाऊल चालत होता. मला वाटलं, आता ती रागावणार.

“इतके मेसेज पाठवले,” ती म्हणाली, “त्यात तुम्हाला माझं एक बरं वाक्य सापडलं नाही? गॅसचंच घेतलंत?”

“शोधलं. सगळ्यांत गॅसच आहे.”

ती हसली असावी. मग आवाज बदलला. “जोसेफीन म्हणत होती, तुम्ही उत्तरं देता. छान देता म्हणे. कळ्या आल्यात ते मला तिच्याकडून कळलं. मला मात्र अंगठा पाठवता.”

तिकडे बाळाचं कुरकुरणं ऐकू येत होतं, इकडे जोसेफीनबाईंच्या डब्यांचा ताल. पुन्हा दोघंही फोन धरून गप्प. ती माझी वाट बघत होती आणि मी तिची, आणि असे आम्ही वर्षभर बसलो असतो. मी एकदा काळ्या यंत्राकडे पाहिलं.

“रेवती,” मी म्हणालो, “ये गं आता. मला करमत नाही. अडतं माझं.”

“बरं,” ती म्हणाली, एवढंच. जरा वेळानं नाक ओढल्यासारखं ऐकू आलं. “आणि त्या डब्यांत निदान साखर तरी घालून द्या.”

रेवती पुढच्याच बुधवारी आली. मी विमानतळावर तासभर आधी जाऊन उभा होतो, दाराला तोरण लावून. टॅक्सीत मी छाती जरा पुढे काढून म्हणालो, “बघ, मी ये म्हणालो आणि तू लगेच आलीस.”

“तिकीट मागेच काढलं होतं,” ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली. “तुम्ही ‘काही अडत नाही’ म्हणालात ना, त्याच दिवशी. इतक्या पटकन तुम्ही खरं कधी बोलत नाही.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“म्हटलं, बघू तुम्ही ये म्हणता का.” तिनं माझा हात हातात घेतला. साकीनाक्याचा सिग्नल सुटेना, तरी मला त्याचं काही वाटलं नाही.

यंत्रं मी त्याच दिवशी बंद करून खोक्यात ठेवली. (त्यांची गोष्ट रेवतीनं जोसेफीनबाईंना फोनवरच सांगून टाकली होती.) दुसऱ्या दिवशी सकाळी रेवती बाल्कनीत मोगऱ्यापाशी होती आणि मी पेपर घेऊन बसलो होतो. घर पुन्हा पहिल्यासारखं बोलत होतं, आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी वाचत असलेली ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो. तेवढ्यात बाल्कनीतून प्रश्न आला, “अहो, गॅस बंद केला का?”

“हो गं, केला,” मी म्हणालो.

भिंतीपलीकडून जोसेफीनबाईंचा आवाज आला. “देवदत्त, खरी बायको आयली ना आता? मग ती मशीन कशाला लावतो रे? बंद कर ती. रोज तेच तेच ऐकून डोका फिरला.”

रेवती बाल्कनीच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातातल्या तांब्यातून पाणी ठिबकत होतं. ती माझ्याकडे बघत होती आणि मी पेपराकडे.

“माझाच आवाज आहे तो, जोसेफीन,” तिनं भिंतीला सांगितलं. “मीच विचारतेय.”

जोसेफीनबाई म्हणाल्या, “मग तू स्वतः जाऊन बघ गं बाय. तो सवयीनं हो म्हणतो. आमच्याकडे करपल्याचा वास येतोय.”

आम्ही दोघं स्वयंपाकघरात धावलो. दूध उतू जाऊन, आटून, पातेल्याच्या बुडाला लागलं होतं. पातेलं जोसेफीनबाईंचं होतं.